सहा इंची आरसा आणि आमची गल्ली

डिसेंबर जवळ आला की स्टेशनरीच्या दुकानांत तयार प्रकल्प टांगलेले दिसतात. थर्मोकोलचा ज्वालामुखी, सिरिंजवर हलणारा जेसीबी, बॅटरीवरची पवनचक्की. आईबाप ऑफिसातून येता येता एक उचलतात, रात्री नाव चिकटवतात आणि सकाळी रिक्षातून शाळेत पोचवतात. त्यांना दोष देऊन काही होणार नाही. पोरांना वेळ नाही, घरात अवजारं नाहीत आणि शिकवणारं जवळ कोणी नाही. पण त्या प्रकल्पाला पोराचा हात लागलेला नसतो, आणि ते मला फार सलतं.

माझी मुलगी नववीत गेली, २०२४ च्या जूनमध्ये, तेव्हा विज्ञानाच्या बाईंनी वर्गात स्पष्ट सांगितलं की यंदा प्रदर्शनात जे मांडाल ते स्वतः केलेलं हवं. ही घरी आली आणि म्हणाली, "आई, मी दुर्बीण करणार. आरशासकट."

हे खूळ तिच्या डोक्यात आधीपासून होतं. आम्ही कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहतो. अंबाबाईचा किरणोत्सव बघायला ती लहानपणापासून आजीबरोबर जाते. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी पायांवर, मग वर सरकत सरकत मुखापर्यंत. याच तारखा का, हा तिचा प्रश्न. त्याचं उत्तर तिला गल्लीतल्या सरांनी दिलं होतं. सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी तिच्याकडून दिवस मोजून घेतले. २१ डिसेंबरच्या आधी जितके दिवस, जवळजवळ तितकेच नंतर. म्हणजे दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो. त्या दिवसापासून ती सरांकडे जायला लागली. सरांनी तरुणपणी स्वतः आरसा घासून दुर्बीण केली होती, हे तिला तिथंच कळलं.

सर हो म्हणाले, पण अट घालून. "वहिनी, गल्लीतल्या सगळ्यांची मदत घेऊया. पण आरशाला हात फक्त हिचा लागेल. मीसुद्धा शिवणार नाही." तेव्हा मला वाटलं, म्हातारपणी माणूस जरा हट्टी होतो. पुढच्या पाच-सहा महिन्यांत ती अट पाळताना आम्हा सगळ्यांचीच परीक्षा झाली.

दुर्बिणीचा आरसा म्हणजे काय, हे मलाही तोवर ठाऊक नव्हतं. न्यूटननं १६६८ मध्ये केली त्याच जातीची ही दुर्बीण. नळीच्या तळाशी अंतर्गोल आरसा, तोंडाशी तिरका लावलेला छोटा सपाट आरसा, आणि बाजूला डोळा लावायचं भिंग. तळाच्या आरशासाठी काचेची जाड गोल चकती घ्यायची, सहा इंच व्यासाची. तिच्यावर कुरुंदासारखी पूड आणि पाणी टाकून ती दुसऱ्या चकतीवर घासायची. वरची काच हळूहळू मधे खोल होत जाते आणि खालची फुगत जाते. यंत्र लागत नाही. दोन हात, भरपूर वेळ आणि चिकाटी लागते.

काच सरांच्या ओळखीनं पुण्याहून आली. तिकडे ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, त्यामुळे असली कामं केलेली माणसं पुण्यात भेटतात. खालची चकती, जिला सगळे 'टूल' म्हणतात, ती मात्र गल्लीतच झाली. समोरच्या घराचं बाथरूमचं काम चाललं होतं. तिथल्या गवंडीकाकांनी सिमेंटची चकती कशी ओतायची आणि फरशीचे तुकडे तिच्यावर कसे बसवायचे ते दाखवलं. पहिली चकती हिनं ओतली ती वाकडी झाली. काकांनी ती फोडली, पुन्हा माल कालवून दिला आणि थापी हिच्या हातात ठेवली. "आता कर. मी हाय हितंच." दुसरी बरी जमली.

जागा दिली तालमीनं. आमच्याकडे पेठेत तालीम मंडळ म्हणजे सगळ्याचं केंद्र. मागच्या खोलीत एक जुनं लोखंडी बॅरल होतं, त्यात वाळू भरून ते जड केलं आणि वर टूल पक्कं बसवलं. घासणारा बॅरलभोवती फिरत राहतो, हे यातलं महत्त्वाचं तंत्र. आरसा पुढे-मागे थोडा सरकवायचा, हातातल्या हातात जरा वळवायचा, एक पाऊल बाजूला टाकायचं, पुन्हा तेच. फिरत राहिल्यानं घासण्याची दिशा सतत बदलते आणि काच सगळीकडून सारखी झिजते.

जुलैअखेर पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. तालमीतली मोठी पोरं पुराच्या कामाला गेली, शाळांना सुट्टी पडली आणि हिचं ८० नंबरच्या कार्बोरंडमचं घासणं त्याच दिवसांत सुरू झालं. ८० नंबर म्हणजे जाड पूड. पहिल्यांदा टाकली की कानठळ्या बसवणारी खरखर होते. दाणे फुटत जातात तसा आवाज मऊ होतो, मग नुसती सळसळ राहते. राखाडी चिखल कडेनं गळू लागला की पुसायचं आणि नवी पूड टाकायची. दोन दिवसांत तिचे दंड धरले. तालमीचे वस्ताद दारात उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "पोरी, खांद्यानं नको रेटू. पाय रोव आणि कमरेतनं जोर येऊ दे." त्यांनी स्वतः उभं राहून, मोकळ्या हातांनी, पवित्रा दाखवला. काचेला बोट लावलं नाही. त्यानंतर तिचे हात दुखायचे थांबले. एवढ्या लहानशा गोष्टीनं तिचं काम दुप्पट चाललं.

खोली किती हवी? सरांनी तिच्याकडून गणित करून घेतलं. नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमा जमते तिथवरचं अंतर, १२०० मिलिमीटर धरलं, म्हणजे वक्रतेची त्रिज्या २४०० मिलिमीटर. त्या हिशेबानं मध्यभागी काच कडेपेक्षा फक्त १.२ मिलिमीटर खोल व्हायला हवी. इतकी मेहनत आणि खड्डा सव्वा मिलिमीटरही नाही! हे मोजायचं कसं, म्हणून ती उद्यमनगरात लेथ चालवणाऱ्या मामांकडे गेली. कोल्हापूरचं उद्यमनगर म्हणजे फाउंड्रीचे सुटे भाग, पंपाचे भाग, शेकडो लेथ. मामांनी तिला पोलादी पट्टी आणि १.२ मिलिमीटरचा ड्रिल दिला. "पट्टी काचंवर आडवी धर. मधे ड्रिल खालनं सरकला की थांबायचं. सरकत न्हाई तोवर घास." नवनवीन मापनयंत्रांबद्दल मी वाचलं आहे, पण याहून सोपी आणि भरवशाची युक्ती माझ्या पाहण्यात नाही. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी ड्रिल पट्टीखालून अलगद गेला तेव्हा तालमीत जोर काढणारी पोरंसुद्धा बघायला आली.

मग बारीक पूड. १२०, २२०, मग ४००, ६००. इथं खोली वाढवायची नसते, आधीच्या पुडीनं पाडलेले खड्डे पुढच्या पुडीनं काढायचे असतात. आरशावर पेन्सिलीच्या आडव्याउभ्या रेघा मारायच्या आणि थोडं घासून बघायचं. सगळ्या रेघा सारख्या पुसल्या गेल्या तर काच आणि टूल एकमेकांना नीट भिडलेत. कडेच्या रेघा राहिल्या तर अजून घासायचं.

नेमकी त्याच वेळी तालमीला खोली हवी होती. ७ सप्टेंबरला गणपती येणार होते, सजावटीचं सामान ठेवायचं होतं. मंडळाची पोरं संकोचून सांगायला आली. पण हे बरंच झालं. तालमीत तांबडी माती, आणि बारीक घासण्याला धुळीचा एक कणही चालत नाही. पोरांनीच बॅरल उचलून शेजारच्या वाड्याच्या बोळकांडीत आणून ठेवलं.

वाड्यातल्या बायकांनी इथून सूत्रं हातात घेतली. जाड पुडीचा एक दाणा नखात, बांगडीत, ओढणीच्या टोकाला राहिला आणि बारीक पुडीत पडला, की काचेवर ओरखडा उमटतो. तो काढायला पुन्हा मागच्या पायरीवर जावं लागतं. तसं एकदा झालंही. ४०० नंबरवर असताना एक लांब चरा उठला. पोरीचा चेहरा पडला. सर एवढंच म्हणाले, "२२० वर परत." वाड्यातल्या आजींनी मग नियमच केला. प्रत्येक नंबरला वेगळं फडकं, वेगळी बादली, वेगळा जुना सदरा. पूड बदलली की बॅरलसकट सगळं तीन पाण्यांनी धुवायचं, नखं कापायची, केस बांधायचे. त्या आजींच्या घरात सोवळं कडक असे. त्या शिस्तीचा उपयोग विज्ञानाला इतका नेमका होईल, हे मी कधी कल्पिलं नव्हतं. आजी दारात पाटावर बसायच्या आणि प्रत्येकाचे हात तपासूनच आत सोडायच्या, सरांचेसुद्धा.

ऑक्टोबरात सहामाही आली. काम बंद पडलं. इथं खरी कसोटी लागली. वेळ कमी उरला होता. तिचे बाबा म्हणाले, "रात्री तासभर मी घासतो, हिला कळणारसुद्धा नाही." चष्म्याच्या दुकानाचे मालक, जे रोज भिंगांच्या कडा घासतात, तेही म्हणाले की माझ्याकडच्या पोराला बसवतो, आठवड्यात आणून देतो. दोघांचा हेतू स्वच्छ होता. मलाही मोह झाला. सरांनी कुणाला दटावलं नाही. ते म्हणाले, "काच होईल हो. पण आत्ता आवाज ऐकून तिला कळतं, पूड संपली का. ते तुमच्या हातून गेलं तर तिच्याकडे काय राहील?" बॅरलवर धुतलेलं पांघरूण पडलं आणि परीक्षा संपेपर्यंत ते कुणी उचललं नाही. माझ्या मते अख्ख्या कामातली गल्लीची सर्वांत मोठी मदत ही होती. हातपाय हलवणं सोपं असतं. येत असलेलं काम समोर दिसत असताना हात मागं घेणं फार अवघड.

दिवाळीनंतर पॉलिश. इथवर आरसा दुधी काचेसारखा असतो, पलीकडचं दिसत नाही. पॉलिशला टूलवर राळेचा थर लावावा लागतो. राळ आणायची कुठून, असा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. गुजरी, म्हणजे सोनारांची पेठ, आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथले सोनारकाका ठोक्याचं नक्षीकाम करताना पत्र्याखाली राळच घेतात. कडक राळेनं काच ओरखडते, मऊ राळ आकार धरत नाही. काकांनी शेगडी वाड्याच्या अंगणात मांडली. राळ मंद आचेवर वितळवली, थेंबथेंब एरंडेल घातलं, दर वेळी थोडी पाण्यात टाकून गार केली आणि हिला अंगठ्याचं नख दाबायला लावलं. "खूण उमटाय पायजे, पण लगेच न्हाई. मनात धा मोज." तिनं दाबून दाबून जी ठरवली तीच राळ ओतली. थर कोमट असताना त्याच्यावर साबणाच्या पाण्यानं ओला केलेला आरसा दाबून बसवला, आणि मग शंकरपाळ्या कातल्यासारखे उभेआडवे चर पाडले. त्या चरांतून पाणी खेळतं.

पूड आता सिरियम ऑक्साइडची, फिकट गुलाबी, चष्म्याच्या दुकानातून आलेली. काही तासांतच काचेच्या मधोमध एक स्वच्छ ठिपका दिसू लागला, तो पसरत कडेला गेला, आणि एक दिवस आरशातून पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता आलं.

पण स्वच्छ दिसणं म्हणजे आकार बरोबर असणं नव्हे. तो तपासायची रीत लेऑन फूको या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५० च्या दशकाच्या शेवटी शोधली आणि आजही घरी आरसे करणारे तीच वापरतात. अंधारात आरशापासून २४०० मिलिमीटरवर सुईच्या भोकातून प्रकाश सोडायचा. परतून येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत दाढीचं पातं हळूहळू आणायचं आणि पात्यामागून आरशाकडे बघायचं. आरशावर सावल्या पडतात. जिथे उंचवटा असेल तिथे टेकडी दिसते, खोलगट असेल तिथे दरी.

बोळकांडीची दारं लावली, सगळ्यांना बाहेर काढलं, कारण माणसाच्या अंगाच्या उबेनंही हवा हलते. ती बसली, सर मागे उभे, आणि आग्रह केल्यावर मी कोपऱ्यात. सर तिला म्हणाले, "आता आरशावर अंगठा टेकव. मिनिटभर." तिनं टेकवला, परत येऊन बघितलं आणि किंचाळलीच. मलाही बोलावलं. अंगठा जिथे टेकला होता तिथे आरशावर एक टेंगूळ उभं होतं, कडेला सावली असलेलं, अगदी स्पष्ट. तिच्या अंगठ्याच्या उबेनं काच तेवढीच फुगली होती. आम्ही बघत असतानाच ते हळूहळू बसत गेलं आणि आरसा पुन्हा सपाट राखाडी झाला. डोळ्यांना कधीच दिसू नये इतका तो फरक, आणि आमच्या वाड्याच्या बोळकांडीत, बल्ब, पत्र्याचं भोक आणि ब्लेड यांच्या जोरावर तो दिसत होता.

गोलाचा भाग असलेला आरसा पॅराबोलाच्या, म्हणजे सगळी किरणं एका बिंदूत आणणाऱ्या वक्राच्या, आकारात आणायचा, तर मध्यभागी अजून सुमारे ०.३ मायक्रॉन काच काढायची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. केसाच्या जाडीचा शंभरावा भागसुद्धा नाही. थोडे फेरे घासायचे, आरसा गार व्हायला ठेवायचा, मग तपासायचं. गार व्हायच्या आधी तपासलं तर सगळं खोटं दिसतं. म्हणून संध्याकाळी घासणं आणि पहाटे तपासणं असा क्रम लागला. पहाटे वाड्यात कुणी नळ सोडायचा नाही, जिन्यावरून धावायचं नाही, हे न सांगता सगळे पाळत होते. दूधवालासुद्धा मागच्या दारानं येऊ लागला.

आरसा मग पुण्याला गेला. निर्वात कक्षात त्याच्यावर ॲल्युमिनियमचा थर चढवून घ्यावा लागतो, मायक्रॉनचा साधारण दहावा भाग एवढाच. ते घरी होत नाही. तो परत येईपर्यंत सुतारकाकांच्या दुकानात प्लायवूडची चौकोनी नळी आणि खालची फिरती बैठक झाली. जॉन डॉब्सन यांनी अमेरिकेत फुटपाथवर लोकांना ग्रहतारे दाखवण्यासाठी रूढ केलेली ही साधी पद्धत, टेफ्लॉनचे तुकडे सनमायकावर सरकतात. सुतारकाकांनी मापं तपासली, रेघा आखायला शिकवलं, करवत तिनं चालवली. कडा थोड्या वाकड्या आहेत. काकांना त्या रंधून सरळ करायच्या होत्या, हात शिवशिवत होते, ते दिसत होतं. त्यांनी केल्या नाहीत.

८ डिसेंबरला, चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी दुर्बीण तालमीच्या गच्चीवर नेली. आकाश मोकळं होतं. अर्धा चंद्र डोक्यावर, त्याला लागूनच शनी, आणि पूर्वेला रोहिणीजवळ झळाळणारा गुरू. आदल्याच दिवशी तो सूर्याच्या बरोबर समोर आला होता, म्हणजे वर्षातला सर्वांत ठळक. पहिला डोळा तिनं लावला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पट्टे आहेत." गुरूवरचे दोन पट्टे आणि एका रेषेत त्याचे चंद्र. मग रांग लागली. गवंडीकाका, आजी, वस्ताद, सोनारकाका, मंडळाची सगळी पोरं. चंद्राच्या उजेडा-अंधाराच्या सीमेवरची विवरं बघून आजींनी हात जोडले.

शनीकडे बघून लेथवाले मामा जरा हिरमुसले. "पुस्तकात मोठी कडी असतीत. हितं सुई दिसतीया." तिनं समजावलं, की कडी आत्ता आपल्याकडे जवळजवळ कडेनं वळलेली आहेत, २०२५ च्या मार्चमध्ये तर ती अगदी आडवी होतील, आणि मग वर्षावर्षानं पुन्हा उघडत जातील. हे तिला कुणी त्या क्षणी सांगितलं नव्हतं. ती ते शोधून, वाचून आली होती.

प्रदर्शनासाठी तिनं तक्ता केला तेव्हा मला तिचा फार अभिमान वाटला. एका बाजूला आकृती आणि गणित. दुसऱ्या बाजूला ठळक अक्षरांत: छोटा सपाट आरसा आणि भिंग विकत घेतले आहे, ॲल्युमिनियमचा थर पुण्यात चढवून घेतला आहे, टूल गवंडीकाकांच्या, राळ सोनारकाकांच्या, बैठक सुतारकाकांच्या मार्गदर्शनाखाली. घासणं, पॉलिश आणि तपासणी माझी.

परीक्षकांपैकी एका बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "हे कुठून विकत आणलंस?" तिनं पिशवीतून पोलादी पट्टी आणि ड्रिल काढला. मग झिजलेलं टूल, पेन्सिलीच्या रेघांचे फोटो, वहीत काढलेल्या फूको सावल्या, ओरखडा पडला त्या दिवसाची नोंद. बाई वही उघडून खुर्ची ओढून बसल्या आणि पुढचा अर्धा तास उठल्या नाहीत. प्रकल्प तालुक्यातून जिल्ह्याला गेला, तिथे नंबर आला नाही. एक दिवस ती गप्प होती, नंतर सरांकडून आठ इंची आरशाचं गणित समजून घ्यायला गेली. सरांनी सांगितलं, आधी दहावी.

दुर्बीण सध्या तालमीच्या माडीवर असते. आरशावर झाकण, आणि कुणीही फडक्यानं पुसायचा नाही, अशी पाटी. जानेवारीत मंगळ जवळ आला तेव्हा दोन शनिवार ती गच्चीवर काढली होती. मामांना त्या दोन्ही दिवशी दुसरी पाळी होती, त्यामुळे त्यांचा मंगळ राहिला. पुढच्या वेळी आधी फोन करायचा, असं ठरलंय.